देवळाच्या भिंतीतला खळगा

ऐन उन्हाळ्यात खानदेशात जाऊ नकोस, असं मला चिपळूणच्या आमच्या निम्म्या आळीने बजावलं होतं. त्यातल्या एकानेही खानदेश पाहिलेला नव्हता, पण सल्ला द्यायला पाहावं लागतं थोडंच! "भाजून निघशील," म्हणाले. निघाले, खोटं कशाला बोलू? आता परत आल्यापासून रोज कुणी ना कुणी विचारतं, "काय गं, काय पाहिलंस तिकडे?" मी म्हणते, "एक खळगा." मग ती माणसं माझ्याकडे जरा काळजीने बघतात. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून टाकते.

जळगाव, मेहरूण

माझी भाची मृणाल जळगावात मेहरूण तलावाजवळ राहते. जुन्या देवळांतली, मठांतली भिंतीवरची चित्रं पुन्हा उजेडात आणायची हा तिचा व्यवसाय. वरचा चुना, मेणचट काजळी, शेंदूर हळूहळू काढायचा, सुटलेला गिलावा चिकटवायचा, आणि एवढं करून आपण काही केलंय हे कुणाला कळू द्यायचं नाही. तिच्या मदतनीस मुलीला ऐन वेळी कावीळ झाली आणि तिने मला फोन लावला. माझी पात्रता एवढीच, की मला रांगोळीचा हात आहे आणि एका जागी बसून निवडण्या-सोलण्याची कामं जन्मभर केलेली आहेत. "मावशी, तुझ्याइतका चिवटपणा पगार देऊनही मिळणार नाही," म्हणाली. हे कौतुकच असणार, असं धरून मी गाडीत बसले.

पहिल्याच संध्याकाळी तिने शेवभाजी खायला नेलं. शेवेची भाजी करतात हेच मला नवीन. वाटीत वर लालभडक तर्री तरंगत होती. आम्ही नारळाच्या रसात वाढलेली माणसं. दुसऱ्या घासाला माझे कान तापले आणि नाकाडोळ्यांतून धारा लागल्या. वाढणारा आपुलकीने वाकून म्हणाला, "काय ताई, फिक्की लागली का? अजून तर्री देऊ?" मी नुसता हात हलवला. बोलायची सोय राहिली नव्हती.

जेवताना मृणालने मोबाइलवर एक फोटो दाखवला. पांढरी भिंत, तिचा एक पापुद्रा निघालेला, आणि आत एक काळी कमान, टोकाला पिवळा ठिपका. मला काही उमगेना.

"बैलाचं शिंग आहे," ती म्हणाली. "टोकाला पितळी शेंबी आहे बघ."

धुळ्याच्या बाजूला, सोनगीरपासून आत एक खेडं आहे. तिथल्या गौराईच्या देवळाला दरवर्षी आखाजीच्या आधी चुना लावतात. आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया. पण आपण त्या दिवशी सोनाराकडे जातो, आणि तिकडे लग्न झालेल्या झाडून साऱ्या मुली माहेरी येतात. यंदा चुना लावणाऱ्याने सुटलेले पोपडे खरवडले आणि आतून हे शिंग निघालं. त्या भल्या माणसाने हात थांबवला, फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला; तो फिरत फिरत मृणालकडे आला. त्या देवळात भिंतीवर चित्र आहे हे तोवर एकाही पुरुषाला ठाऊक नव्हतं. 'पुरुषाला' हा शब्द मी आत्ता विचार करून घातलाय. तेव्हा आम्हीही 'कुणालाच' असंच समजत होतो.

सोनगीर

वाटेत सोनगीरला चहाला थांबलो. वर किल्ला, खाली हायवेवर ट्रकांची रांग, आणि बाजारात तांब्यापितळेची भांडी. माझा पाय अडकलाच. दुकानदाराने मूठभर आकाराचा एक पितळी करंडा पुढे केला.

"घ्या ताई, सासरी जाणाऱ्या पोरीला देतात हा आमच्याकडे."

"अहो, मी आता साठीला आले!"

"मग काय झालं? पोरगी कोणाची तरी असालच ना?"

याच्यापुढे काय घासाघीस करणार! करंडा घेतला. मृणाल गाडीत म्हणाली, "तुला कुणीही गुंडाळतं."

गाव

गावाचं नाव मी सांगणार नाही. उद्या सगळे उठून तिकडे जाल आणि भिंतीला हात लावाल. माझी भाची मग मला उभी चिरेल.

देऊळ अगदी लहान आहे. पुढे पत्र्याचा मंडप, शेजारी झोके बांधायचा जाडजूड निंब. आमची उतरायची सोय देवळाचे पंच असलेल्या नानांच्या घरी होती. नाना साठीचे, पांढरीशुभ्र टोपी, आमच्याशी शुद्ध मराठी आणि घरात अहिराणी. "मॅडम, आखाजीपर्यंत आमचं देऊळ मोकळं करून द्या, एवढंच मागणं आहे," म्हणाले. चुना लावणारे रशीदभाऊ तिथेच उभे होते. दुकानांच्या पाट्या रंगवायच्या आणि गावाच्या भिंतींना चुना द्यायचा, हा त्यांचा पिढीजात उद्योग. देवळाचा चुना त्यांच्या आजोबांपासून त्यांच्याच घराकडे. त्यांनी यंदाचा चुना पिपात विरवून तयार ठेवला होता.

भिंत दाखवताना त्यांनी एका जागी बोट ठेवलं. बाईमाणसाच्या खांद्याच्या उंचीवर चुन्यात एक खळगा होता, पुरी बसेल एवढा.

"हाऊ देखा. दरसाल मी भरस, दरसाल परत व्हस. या देऊळनी पाल चुनाखाऊ शे!"

मृणालला मात्र पाल पटली नाही. ओल असेल म्हणाली, वहीत टिपून ठेवलं आणि आम्ही कामाला लागलो.

काम म्हणजे काय, तर डॉक्टरांच्या असते तसल्या बारीक सुरीने चुन्याचा एकेक पापुद्रा सुटा करायचा. नखाएवढा तुकडा निघाला की मान मोडून येते. वरून पत्रा तापलेला. नानांच्या सूनबाई दुपारी ताक, कळण्याची भाकरी आणि हिरव्या मिरचीचा ठेचा पाठवत. ती भाकरी मी आल्यावर घरी करून पाहिली. ज्वारी-उडीद एकत्र दळून आणले, पण तव्यावर जे झालं त्याला कुणी भाकरी म्हणालं नाही.

आणि चित्र हळूहळू वर येत होतं. आधी एक बैल, मग दुसरा. मग गाडीचं चाक. गावात पैजा लागल्या. कुणी म्हणे सप्तशृंगी निघणार, कुणी म्हणे एकवीरा. नाना म्हणाले, देवी बैलगाडीत कशाला बसेल, हा कुणी साधू असणार. दुसऱ्या दिवशी साधूच्या पायात जोडवी निघाली. आम्ही सगळे इतके हसलो की नानांनी टोपी काढून वारा घेतला.

मध्येच एक संकट आलं. एका सकाळी जाऊन पाहतो तो मोकळ्या झालेल्या पावलांवर तेल-शेंदूर फासलेला! कुणा माउलीला वाटलं, देवी इतकी वर्षं कोरडी राहिली, आधी तिला शेंदूर चढवावा. मृणाल भिंतीसमोर उकिडवी बसली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाली, "भक्तीपासून कसं वाचवू मी हिला?" मग कापसाचे बोळे भिजवून भिजवून तो शेंदूर टिपत बसलो. कापूस मात्र मागावा लागला नाही. बायका ओट्या भरभरून आणून देत होत्या, बहुधा त्यातलीच एक अपराधी होती.

चार-पाच दिवसांत सगळा देखावा दिसायला लागला. गाडीत हिरव्या लुगड्यातली गौराई बसलेली, मागे आंब्याचं झाड, त्याला रिकामा झोका. गाडी पुढे चाललेली आणि तिची मान मागे, गावाकडे वळलेली. देवीला सासरी धाडण्याचं चित्र! आमच्याकडे गौर भाद्रपदात तेरड्याच्या रोपांतून येते, दोन दिवस राहते आणि पाण्यात जाते. जाताना ती मागे वळून बघत असेल, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं. त्या रिकाम्या झोक्याकडे बघून मला माझं लग्न आठवलं आणि भर उन्हात हुंदका आला. आला तर आला.

आता फक्त चेहरा उरला होता. आणि चेहरा नेमका त्या खळग्याखाली होता.

चेहरा

मृणालने खळग्याभोवतालचा चुना काढला तेव्हा निम्मं गाव मंडपात जमलं होतं. कान निघाला, कानातलं निघालं, कानाजवळ केशराकडे झुकणारा गडद पिवळा रंग निघाला. आणि पुढे काही नाही. डोळे नाहीत, नाक नाही, तोंड नाही. ओरबाडलेला नुसता गिलावा.

मग मागून एक तरुण आवाज आला, "ओरखडे देखा. हाई फोडेल शे."

एवढंच, फोडलेलं आहे. पण हे पांढरं झालेलं तोंड संध्याकाळपर्यंत ग्रुपवर गेलं, आणि खाली लोक लिहू लागले: कुणी फोडलं असेल? ब्रश पिढ्यान्‌पिढ्या कुणाच्या हातात होता? फोडून वर चुना कुणी फासला? नाव कुणी घेतलं नाही. घ्यायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी रशीदभाऊ देवळाकडे आले नाहीत. मृणालने फोन केला तर म्हणाले, "मॅडम, माझ्या आजोबाने या देवळात चप्पल घालून पाय नाही ठेवला. त्यांच्यावर आळ घेतात." आणि फोन ठेवला.

त्या संध्याकाळी नाना पडवीत येऊन बसले. भग्न देवीची पूजा होत नाही, आखाजी दोन दिवसांवर, पोरी यायला लागल्या, विषय वाढायला नको. पंचांनी ठरवलं होतं, वरून पुन्हा चुना मारून टाकायचा.

"नाहीतर मॅडम, तुम्हीच एक चेहरा काढून द्या. सुंदरसा."

मृणालचा नियम पक्का आहे. लुगड्याची नक्षी जिथे नक्की कळते तिथे ती बारीक रेघांनी रंग भरते, तोही पाण्याने परत पुसता येईल असा. जिथे कळत नाही तिथे हात लावत नाही. "जो चेहरा मी पाहिला नाही तो मी कसा काढू, नाना? मग ती तुमची गौराई नाही राहणार, माझी होईल."

"मग चुना," नाना म्हणाले. "रशीदला निरोप धाडतो."

निरोप्या परत आला तो रशीदभाऊंचा जबाब घेऊन: चुना लावणार नाही. लावला तर लोक म्हणतील, आज्याचं पाप नातवाने झाकलं. नाही लावला तर म्हणतील, मनात चोर आहे. दुसरा माणूस बघा.

मला इतका संताप आला, की ताटातली रसपोळी तशीच राहिली. खापरावरचा तो रुमालासारखा पातळ मांडा आणि आमरस, ज्याची मी आल्यापासून वाट बघत होते! मी नानांना सुनावलं, "ज्या माणसाने शिंग दिसताक्षणी हात थांबवला, तो आणि त्याचा आजा देवी फोडतील? पुरावा झाकणारा माणूस पुराव्याचा फोटो ग्रुपवर टाकतो होय?"

नाना मान खाली घालून बसले. "मला कळतं हो ताई," म्हणाले. "पण लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार?"

आखाजी

नानांची फुई, म्हणजे आत्या, आखाजीच्या आदल्या दिवशी सुरतेहून आली. मुलगा तिकडे कापड गिरणीत, म्हातारी त्याच्याकडेच असते. ऐंशीच्या पुढची, काटकुळी, आवाज मात्र खणखणीत. सारं गाव तिला अक्का म्हणतं. आल्या आल्या पाणीही न पिता म्हणाली, "माले आधी गौराईकडे लई चाला."

तिला धरून नेलं. तिने गाडी पाहिली, बैल पाहिले, झोका पाहिला. चेहऱ्याच्या जागेवर हात ठेवला. मृणालचा तोंडातला "हात लावू नका" तोंडातच राहिला, कारण अक्का हसत होती.

नाना चाचरत म्हणाले, "फुई, कोनी तरी फोडं तिले."

"कोनी फोडं म्हनतस?" अक्का वळली. "मी फोडं."

मंडपातली माणसं पुढे सरकली.

"मी, मन्ही फुई, तिन्ही फुई, बठ्ठ्यासनी. सासरले जातांना तिना तोंडवरथीन नखभर रंग लेवाना, करंडामा ठेवाना. माहेरनी गौराई संगे लई जावानी." तिने कनवटीची पिशवी सोडली, आतून काळा पडलेला पितळी करंडा काढला. झाकण निघेना, मृणालने सुरीने सैल करून दिलं. तळाशी चिमूटभर पिवळा कण होता, केशराकडे झुकणारा. मृणालने तो कानाजवळच्या रंगाशेजारी धरला. तोच रंग, शंकाच नको.

"तोंड पार गयं, तव्हा बापासनी चुना लावाडा," अक्का सांगू लागली. "पन पोरीसनं नख थांबस का? रंग नही तं चुना!"

आणि मग काय सांगू! मंडपातल्या बायका एकेक करून तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. गावातल्या गावात दिलेल्या नानांच्या सूनबाई नि शेजारच्या काकू, परवाच माहेरी आलेली पोर. जिने तिने जाताना त्या जागचा नखभर चुना नेलेला होता. का, ते त्यांतल्या तरण्या मुलींना ठाऊक नव्हतं. आईने सांगितलं होतं म्हणून नेला, आणि पुरुषांना सांगायचं नसतं म्हणून सांगितला नाही. नाना आपल्या सुनेकडे असे बघत राहिले, जणू ती आजच घरात आली.

"पण फुई, भग्न देवी..."

"भग्न कसाले व्हई? ती वाटेल शे. पोरीसमा वाटेल शे." भग्न नव्हे, मुलींत वाटून गेलेली! मग ती इकडे तिकडे बघत म्हणाली, "रशीद कोठे शे?"

काय झालं ते शेवटी मीच सांगितलं, सगळ्यांसमोर, एक शब्द गाळला नाही. अक्काने करंडा मिटला आणि काठी उचलली. तिच्यामागे नाना, त्यांच्यामागे आम्ही, आमच्यामागे बायकांचा घोळका. जो तरुण 'फोडेल शे' म्हणाला होता, तोही होता, जरा लांबून.

रशीदभाऊ अंगणात कुरडया वाळत घातलेल्या खाटेशेजारी बसले होते. त्यांच्या घरच्यांनी धावपळ करून खुर्च्या आणल्या, सरबत आणलं. नाना बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "रशीद, चुकलं आमचं." अक्काने सगळी गोष्ट पुन्हा सांगितली.

रशीदभाऊंनी ती ऐकून घेतली. मग हळूच म्हणाले, "अक्का, तू मोठी माणूस. मले वाचाडासाठे सोतावर लेस."

त्यांना खरं वाटत नव्हतं! दोन दिवसांत माणूस इतका खचला होता, की सुटकाही त्याला दया वाटत होती. मला रडूच आलं.

अक्का मात्र चिडली. "मी खोटी? तुन्ही शमीमले इचार!"

शमीम ही त्यांची धाकटी बहीण, धुळ्याला दिलेली. रशीदभाऊंनी फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा खाटेवर ठेवला.

"शमीम, देऊळना भितडामाईन तू कधी चुना लई गयी व्हती का?"

पलीकडे नुसता पंख्याचा आवाज.

"भाऊ, तुले कोनी सांगं?" ती घाबरून म्हणाली. "लगीननी सकायले लई गयतू. अजून डबीमा शे. रागवू नको."

"रागवत नही वो," रशीदभाऊ म्हणाले. "मी इतला साल पालीसले शिव्या देत व्हतो!"

तिकडून हसू फुटलं, आणि हसता हसता ती म्हणाली, "भाऊ, तू दरसाल भरी देत व्हता, म्हनीसन तं आमले लेवाले उरनं."

रशीदभाऊंनी गमछा तोंडावर धरला. मग उठले, पिपातला मऊसूत चुना घमेल्यात काढला, थापी घेतली आणि तेवढा चेहऱ्याचा खळगा भरायला आमच्यापुढे देवळाकडे चालू लागले.